ब्राउझरचा पुसलेला इतिहास : ‘सिंक’मधून काय परत मिळते, काय नाही

संगणकावर वा मोबाइलवर उघडलेल्या प्रत्येक पानाची नोंद ब्राउझर आपणहून ठेवीत असतो. एरवी या नोंदवहीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ती रिकामी दिसली म्हणजे मात्र तिची किंमत कळते. बँकेच्या नावाने उभारलेल्या बनावट संकेतस्थळावर पैसे भरून बसलेल्या माणसाला तक्रार नोंदविताना त्या पानाचा नेमका पत्ता हवा असतो. प्रबंधासाठी महिनाभर संदर्भ चाळणाऱ्या विद्यार्थ्याला कोणता अहवाल कुठे पाहिला हे त्या यादीवाचून आठवत नाही. अशा वेळी मनात येणारा पहिला विचार असा, की आपले खाते ‘सिंक’ला जोडलेले होते, तेव्हा सारे काही सर्व्हरवर सुरक्षित असणारच. हा समज अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्या भागाची कल्पना नसल्याने अनेकजण घाईघाईने पासवर्ड बदलतात, खाते तोडून पुन्हा जोडतात किंवा कपाटातला जुना लॅपटॉप काढून सुरू करतात, आणि त्या गडबडीत शिल्लक असलेली शेवटची प्रतही हातची जाते.

सिंक म्हणजे राखीव प्रत नव्हे

सिंक या शब्दाचा अर्थ समक्रमण. दोन किंवा अधिक उपकरणांवरील नोंदी एकसारख्या ठेवणे एवढेच या सेवेचे काम. राखीव प्रत ठेवणारी सेवा कालची स्थिती आज परत देऊ शकते. सिंक सेवेला कालची स्थिती ठाऊकच नसते, तिला फक्त आत्ताची स्थिती कळते. फायरफॉक्स तयार करणाऱ्या मोझिला संस्थेने आपल्या साहाय्य-पानांवर सिंक ही राखीव प्रतीची सेवा नाही, हे स्पष्ट नमूद केलेले आहे. ती पाने वाचण्याची वेळ वापरकर्त्यावर सहसा नोंदी हरवल्यानंतरच येते, हा भाग वेगळा.

या सेवांचा पूर्वेतिहास पाहिला तर त्यांच्यावर किती विसंबावे याचा अंदाज येतो. गूगलने २००६ मध्ये फायरफॉक्ससाठी ‘ब्राउझर सिंक’ नावाची जोडसुविधा काढली होती. वाचनखुणा, पासवर्ड, उघडे टॅब आणि पाहिलेल्या पानांचा इतिहास असे सारे ती एका संगणकावरून दुसऱ्यावर नेत असे. २००८ मध्ये गूगलने ती गुंडाळली. त्याआधी, डिसेंबर २००७ मध्ये, मोझिलाच्या प्रयोगशाळेने ‘वीव्ह’ हा प्रकल्प जाहीर केला होता. त्याचेच पुढे २०१० मध्ये ‘फायरफॉक्स सिंक’ असे नामांतर झाले आणि मार्च २०११ मध्ये आलेल्या फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीत तो ब्राउझरचाच भाग बनला. वाचनखुणा जुळविणारी ‘एक्समार्क्स’ ही लोकप्रिय सेवा २०१० मध्ये बंद पडता पडता विकली जाऊन वाचली आणि अखेर १ मे २०१८ रोजी बंद झाली. ऑपेरा ब्राउझरच्या सिंक सेवेत ऑगस्ट २०१६ मध्ये घुसखोरी झाली, तेव्हा त्या सेवेचे सुमारे १७ लाख सक्रिय वापरकर्ते होते आणि कंपनीला सर्वांचे सिंक पासवर्ड रद्द करावे लागले. क्रोमियम या मुक्त आज्ञावलीवर बेतलेल्या, पण गूगलच्या नसलेल्या काही ब्राउझरांतून गूगलचे सिंक वापरता येत असे. ती वाट १५ मार्च २०२१ पासून बंद करण्यात आली. अशा प्रत्येक वेळी ज्यांच्या संगणकावर नोंदी होत्या त्यांचे काही बिघडले नाही. ज्यांनी संगणक बदलून सर्व्हरवर भरवसा ठेवला होता, ते अडचणीत आले.

फायरफॉक्स सिंकच्या रचनेत तर ही गोष्ट गृहीतच धरलेली होती. एखादा सर्व्हर निकामी झाला, की त्यावरील वापरकर्त्यांना दुसऱ्या सर्व्हरवर हलविले जाई. तेथे त्यांची जागा कोरी असे आणि त्यांच्या संगणकांनी सगळ्या नोंदी नव्याने चढवाव्यात अशी अपेक्षा असे. मूळ प्रत वापरकर्त्याच्या घरी, सर्व्हर हा मधला निरोप्या, असा हा मामला.

पुसण्याचा निरोपही पोहोचतो

नोंद वाढविण्याप्रमाणेच नोंद पुसणे हीसुद्धा सिंकच्या दृष्टीने एक घटनाच असते, आणि ती इतर उपकरणांना कळवावी लागते. समजा, घरच्या संगणकावर एखादे पान इतिहासातून काढले आणि त्या वेळी मोबाइल बंद होता. सर्व्हरने ती नोंद नुसती काढून टाकली, तर दुसऱ्या दिवशी मोबाइल सुरू होताच त्याच्याकडची जुनी नोंद ‘नवी’ म्हणून पुन्हा वर चढेल आणि पुसलेले पान परत उगवेल. हे टाळण्यासाठी सर्व्हरवर त्या नोंदीच्या जागी ‘ही पुसली आहे’ अशी एक खूण ठेवली जाते. तंत्रज्ञ तिला ‘समाधिशिला’ म्हणतात. या शिलेखाली मूळ मजकूर ठेवायचा की नाही, आणि शिला किती दिवस राखायची, हे ज्या त्या कंपनीचे धोरण.

ही बाब फेब्रुवारी २०१७ मध्ये जगापुढे आली ती वेगळ्याच वाटेने. एल्कमसॉफ्ट या रशियन न्यायवैद्यक सॉफ्टवेअर कंपनीने जाहीर केले, की सफारी ब्राउझरमधून वापरकर्त्याने पुसलेला इतिहास अॅपलच्या आयक्लाउड सर्व्हरवर वर्षभराहूनही अधिक काळ तसाच राहिलेला असून, तो खात्याच्या पासवर्डच्या आधारे उतरवून घेता येतो. फोनवरून नाहीशा झालेल्या नोंदी पत्ता आणि वेळेसह हाती लागत होत्या. ही बातमी फुटल्यावर अॅपलने जुन्या नोंदी सर्व्हरवरून साफ करण्यास सुरुवात केल्याचे त्याच कंपनीच्या निदर्शनास आले. हरवलेला इतिहास शोधणाऱ्याला जी फट वरदान वाटेल, तीच खासगीपण जपू पाहणाऱ्याच्या दृष्टीने धोका होती. पुढे आयओएस १३ पासून सफारीचा इतिहास टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध होऊ लागला. त्याची किल्ली वापरकर्त्याच्या उपकरणांवरच राहत असल्याने सर्व्हरवर असलेले अॅपललाही वाचता येत नाही. साहजिकच ‘कंपनीला विनंती करून इतिहास परत मिळवू’ हा मार्गही त्याबरोबर संपला.

फायरफॉक्स : साठ दिवसांची मुदत

फायरफॉक्सच्या बाबतीत बरेच काही निश्चितपणे सांगता येते, कारण त्याची आज्ञावली सर्वांना वाचण्यासाठी खुली आहे. इतिहासाच्या प्रत्येक नोंदीवर सिंक ६० दिवसांची मुदत घालून ती सर्व्हरवर चढविते. त्या अवधीत नोंद पुन्हा अद्ययावत झाली नाही, म्हणजे ते पान पुन्हा उघडले गेले नाही, तर सर्व्हर ती आपोआप काढून टाकतो. वाचनखुणांना अशी मुदत नसते. शिवाय नवे उपकरण प्रथमच जोडले जाते तेव्हा सगळा इतिहास वर जात नाही. अलीकडच्या सुमारे महिन्याभरातील भेटी, आणि त्याही जास्तीत जास्त काही हजार पानांच्या, एवढेच चढते. एका पानाला शंभर वेळा भेट दिली असली, तरी अलीकडच्या २० भेटींच्याच वेळा पुढे पाठविल्या जातात. म्हणून पाच वर्षांचा इतिहास असलेला संगणक बिघडला आणि नव्या संगणकावर फायरफॉक्स जोडला, तर उतरतो तो दीड-दोन महिन्यांचा इतिहास. लोक याला बिघाड समजतात, प्रत्यक्षात सेवा ठरल्याप्रमाणेच चाललेली असते.

येथे एक फरक मात्र वापरकर्त्याच्या पथ्यावर पडणारा आहे. फायरफॉक्समध्ये एखाद-दुसरे पान इतिहासातून काढले, तर ते पुसल्याचा निरोप इतर संगणकांकडे जातो. परंतु ‘सर्व इतिहास साफ करा’ ही आज्ञा दिली, तर साफ झालेल्या पानांची ‘पुसलेली’ म्हणून नोंद सिंक घेत नाही. ते पुसणे त्या संगणकापुरतेच राहते. आज्ञावलीतील टिपणीतच तसे लिहिलेले आहे. याचा अर्थ असा, की रागाच्या भरात किंवा चुकून सगळा इतिहास पुसला गेला, तरी मुदतीतील नोंदी सर्व्हरवर बहुधा शाबूत असतात. त्याच संगणकावर त्या आपोआप परत येत नाहीत, कारण सिंक दर वेळी मागच्या जुळणीनंतर बदललेल्या नोंदीच मागविते. ‘अबाउट:प्रोफाइल्स’ असा पत्ता टाकून एक नवे, कोरे प्रोफाइल तयार केले आणि त्यात तेच खाते जोडले, तर ते प्रोफाइल सर्व्हरच्या दृष्टीने नवागत ठरते आणि उपलब्ध नोंदी उतरवून घेते. जुने प्रोफाइल न मोडता हा प्रयोग करता येतो, हे त्यातले विशेष.

मात्र खात्याचा पासवर्ड आठवत असला पाहिजे. २०१४ मध्ये फायरफॉक्सच्या २९ व्या आवृत्तीबरोबर नवी खाते-पद्धत आली, तेव्हापासून नोंदी कूटबद्ध करणारी किल्ली वापरकर्त्याच्या पासवर्डशी बांधलेली आहे. पासवर्ड विसरल्यामुळे ‘रिसेट’ केला, की जुनी किल्ली निरुपयोगी होते आणि सर्व्हरवरील नोंदी कोणालाही, अगदी मोझिलालाही, उलगडता येत नाहीत. त्या काढून टाकल्या जातात. यावर तोड म्हणून खाते-पुनर्प्राप्तीची स्वतंत्र किल्ली तयार करून ठेवण्याची सोय २०१८ मध्ये देण्यात आली. ती आधीच तयार करून कागदावर उतरवून ठेवलेली असेल तरच उपयोगी; नंतर मिळत नाही. निदान एका संगणकावर तरी खाते जोडलेले आणि इतिहास दिसत असलेला असेल, तर रिसेटने त्या संगणकावरील यादी जात नाही, उलट पुन्हा जोडल्यावर तोच संगणक ती नव्याने वर चढवितो. म्हणून रिसेटचे बटण दाबण्यापूर्वी असा एक तरी संगणक आहे ना, याची खात्री करून घेणे अगत्याचे.

क्रोम : दोन वेगळ्या वह्या

भारतातील बहुसंख्य मोबाइलधारकांचा संबंध येतो तो गूगलच्या क्रोमशी. त्यात गोंधळ होतो तो एकाच इतिहासाच्या दोन निरनिराळ्या वह्या असल्यामुळे. पहिली वही क्रोमची स्वतःची. ‘इतिहास’ या पानावर मागील ९० दिवसांतील भेटी दिसतात. दुसरी वही ‘वेब आणि अॅप अॅक्टिव्हिटी’ या नावाने गूगल खात्यात असते. सेटिंगमध्ये क्रोमचा इतिहास तिच्यात समाविष्ट करण्याच्या पर्यायावर खूण केलेली असेल, तर पाहिलेली पाने तेथेही नोंदली जातात आणि ती ९० दिवसांच्या मर्यादेत अडकत नाहीत. ‘मायअॅक्टिव्हिटी.गूगल.कॉम’ या पत्त्यावर जाऊन तारखेनुसार त्या चाळता येतात. मे २०१९ मध्ये गूगलने या वहीसाठी आपोआप पुसण्याची सोय जाहीर केली आणि जून २०२० पासून नव्या खात्यांना १८ महिन्यांची मुदत पूर्वनिर्धारित केली. त्याआधीच्या खातेदारांनी स्वतः काही बदलले नसेल, तर त्यांच्या वहीत बऱ्याच जुन्या नोंदी सापडू शकतात. क्रोममध्ये तीन महिन्यांपूर्वीचे पान दिसत नाही म्हणून हताश झालेल्याने प्रथम हीच वही उघडून पाहावी. पाहिलेले पान नाही सापडले, तरी गूगलवर त्या दिवशी काय शोधले होते ते शब्द पुष्कळदा सापडतात, आणि त्यावरून पानापर्यंत पोहोचणे अवघड नसते.

तिसरी जागा म्हणजे ‘टेकआउट’. खात्यातील माहिती उतरवून घेण्याची ही सेवा गूगलने २०११ मध्ये सुरू केली. तिच्यातील क्रोमचा भाग निवडला, की सिंकमध्ये असलेला इतिहास एका फाइलमध्ये मिळतो. ही फाइल वाचायला रूक्ष असली, तरी तिच्यात पत्ते, शीर्षके आणि वेळा असतात. जे सर्व्हरवरून आधीच पुसले गेले आहे ते अर्थातच टेकआउटही देत नाही.

फायरफॉक्सच्या नेमके उलट, क्रोममध्ये सिंक चालू असताना इतिहास साफ केला तर तो खात्यातून आणि जोडलेल्या सर्व उपकरणांवरून जातो. गूगलच्या धोरणानुसार पुसलेली माहिती यंत्रणेतून पूर्णपणे नाहीशी होण्यास साधारणतः दोन महिने लागतात, आणि चुकून पुसले गेल्यास कंपनीला ते परत आणता यावे यासाठी त्यात महिनाभरापर्यंतचा अवधी धरलेला असतो. तथापि, इतिहास परत आणण्याची कळ वापरकर्त्याच्या हाती दिलेली नाही. ज्यांनी सिंकसाठी स्वतंत्र परवलीचे वाक्य ठेवले आहे त्यांच्या नोंदी गूगललाही वाचता येत नाहीत; त्यामुळे त्यांची दुसरी वही कोरीच राहते, टेकआउटही उपयोगी पडत नाही. हे वाक्य विसरले तर सर्व्हरवरील सिंकची माहिती पुसूनच नवी सुरुवात करावी लागते. संगणकावरची प्रत तेवढी या पुसण्यातून वाचते.

सफारीची गत यापेक्षा सोपी आणि कठोर. आयक्लाउडमध्ये सफारी चालू असताना इतिहास साफ केला, की तो त्या खात्याच्या सर्व उपकरणांवरून जातो. आयक्लाउडच्या संकेतस्थळावरील माहिती-पुनर्प्राप्तीच्या पानावर सफारीच्या वाचनखुणा परत आणता येतात. इतिहासाला ती सोय नाही. मॅकवर ‘टाइम मशीन’द्वारे प्रत ठेवली जात असेल, तर जुनी ‘हिस्टरी.डीबी’ ही फाइल परत आणणे हाच खात्रीचा उपाय. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये इतिहासाचे सिंक २०२१ च्या सुरुवातीला आले. त्याचा गाभा क्रोमियमचाच असल्याने फाइलींची रचना क्रोमसारखीच आहे.

पहिला तास महत्त्वाचा

सर्व्हरवर काय उरले आहे याचा शोध घेण्याआधी घरात वा कार्यालयात त्याच खात्याला जोडलेले दुसरे उपकरण आहे का, हे आठवावे. इतिहास पुसला गेला त्या वेळी जो लॅपटॉप बंद होता, त्याच्यावर जुनी यादी जशीच्या तशी असते. तो सुरू होऊन इंटरनेटला जोडला गेला, की पुसण्याचा निरोप काही क्षणांत पोहोचतो आणि तीही जाते. म्हणून तो सुरू करण्याआधी घरातील वायफाय राउटर बंद करावा किंवा नेटवर्कची तार काढून ठेवावी. त्यानंतर, ब्राउझर न उघडताच, त्याचे प्रोफाइल असलेले संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. मोबाइलला ही युक्ती अर्धवटच लागू पडते. अँड्रॉइडवर ब्राउझरच्या खासगी फाइलींपर्यंत सामान्य वापरकर्त्याला जाता येत नाही. विमान-स्थितीत फोन सुरू करून इतिहासाचे पान उघडणे आणि हवे असलेले पत्ते टिपून घेणे एवढेच शक्य असते.

संगणकावर फायरफॉक्सचा इतिहास ‘प्लेसेस.एसक्यूलाइट’ या फाइलमध्ये असतो. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही रचना आहे. क्रोम आणि एजमध्ये त्या फाइलचे नाव नुसते ‘हिस्टरी’ असे असून तिला कोणतीही पुढची जोडणी नाही. या साऱ्या एसक्यूलाइट पद्धतीच्या माहिती-पेढ्या आहेत. फायरफॉक्सच्या मुख्य फाइलशेजारी ‘वॉल’ अशी शेपटी असलेली आणखी एक फाइल असू शकते. ताज्या नोंदी मुख्य फाइलमध्ये जाण्यापूर्वी तिच्यात असतात. केवळ मुख्य फाइल उचलून आणणाऱ्यांना सर्वांत अलीकडच्या, म्हणजे नेमक्या हव्या असलेल्या, भेटी मिळत नाहीत त्या याच कारणाने.

काही वेळा तर काहीच हरवलेले नसते. मे २०१९ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ६७ पासून ब्राउझरची प्रत्येक स्वतंत्र स्थापना आपले वेगळे प्रोफाइल वापरते. दुसरी आवृत्ती बसविल्यावर रिकामे पान पाहून अनेकांना धक्का बसतो. जुने प्रोफाइल शेजारच्याच फोल्डरमध्ये स्वस्थ पडलेले असते. ‘फायरफॉक्स ताजा करा’ ही आज्ञा दिल्यावर डेस्कटॉपवर ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ नावाचे फोल्डर तयार होते, आणि कचरा समजून ते पुसून टाकणारेही थोडे नाहीत. माहिती-पेढी बिघडल्यास फायरफॉक्स तिच्या नावापुढे ‘करप्ट’ असा शब्द लावून ती बाजूला ठेवतो व नवी सुरू करतो. वाचनखुणा स्वतंत्र प्रतींमधून परत येतात, इतिहास मात्र त्या बाजूला ठेवलेल्या फाइलमध्येच अडकतो. एसक्यूलाइटची दुरुस्ती करू शकणारा जाणकार तिच्यातून पुष्कळ काही काढू शकतो. क्रोममध्येही वरच्या कोपऱ्यातील चित्र दाबून आपण भलत्याच प्रोफाइलमध्ये नाही ना, हे पाहणे हा पहिला उपचार.

अशी फाइल उघडल्यावर वेळेच्या रकान्यात लांबलचक आकडे दिसतात आणि नवखा माणूस तेथेच थांबतो. क्रोम १ जानेवारी १६०१ पासून लोटलेले मायक्रोसेकंद मोजतो, फायरफॉक्स १ जानेवारी १९७० पासूनचे मायक्रोसेकंद, तर सफारी १ जानेवारी २००१ पासूनचे सेकंद. क्रोमच्या आकड्याला दहा लाखांनी भागून त्यातून ११६४४४७३६०० वजा केले, की १९७० पासूनचे सेकंद मिळतात. या तिन्ही पद्धती जागतिक प्रमाणवेळ धरतात. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवावे लागतात. हे विसरले तर २ मेच्या रात्री साडेबारा वाजता दिलेली भेट १ मेच्या संध्याकाळी सातची ठरते. तक्रारीत तारीख चुकण्यास एवढे पुरेसे आहे.

पुरावा म्हणून

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असतील, तर इतिहासाचा शोध लागण्याची वाट न पाहता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसे गोठविण्याच्या दृष्टीने पहिले काही तास मोलाचे असतात. बनावट पानाचा पत्ता मागाहून जोडता येतो. मात्र हा पत्ता पुढे न्यायालयात पुरावा म्हणून मांडायचा झाल्यास पडद्याचे छायाचित्र पुरेलच असे नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र आवश्यक असल्याचा निर्वाळा दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ही अट कायम असून, प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे तिची आकडेवजा ओळखमुद्रा, नोंदवावे लागते. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी हे मूल्य बदलते. त्यामुळे मूळ फाइलची प्रत काढून प्रयोग त्या प्रतीवरच करावेत आणि मूळ संगणकावरील ब्राउझर शक्यतो उघडूच नये.

‘पुसलेला इतिहास हमखास परत’ अशी जाहिरात करणारी अनेक सॉफ्टवेअरे पैसे घेऊन विकली जातात. त्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. फायरफॉक्स आणि क्रोम या दोहोंमध्ये एसक्यूलाइट अशा रीतीने बांधलेले आहे, की पुसलेल्या नोंदीच्या जागेवर शून्ये लिहिली जातात. फाइलच्या मोकळ्या भागात जुना मजकूर रेंगाळत राहण्याचा जो गुण एरवी न्यायवैद्यक तज्ज्ञांच्या उपयोगी पडतो, तो येथे बहुतांशी नाही. संपूर्ण फाइलच डिस्कवरून पुसली गेली असेल, तर जुन्या फिरत्या चकतीच्या हार्डडिस्कवर ती सापडण्याची शक्यता असते. हल्लीच्या एसएसडीवर मात्र मोकळी झालेली जागा ‘ट्रिम’ या आज्ञेमुळे लवकरच साफ होते. त्यापेक्षा विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ किंवा ‘मागील आवृत्त्या’ ही सोय चालू होती का, हे प्रोफाइलच्या फोल्डरवर उजवी कळ दाबून पाहणे अधिक फलदायी. खासगी किंवा ‘इन्कॉग्निटो’ खिडकीत पाहिलेली पाने तर ब्राउझरच्या इतिहासात लिहिलीच जात नाहीत, आणि जे लिहिले गेले नाही ते सिंक कोठेही नेत नाही. त्या खिडकीत उघडलेल्या पानाचा पत्ता शोधायचा असल्यास उरतात त्या इतर खुणा : भरणा झाल्याचा बँकेचा संदेश, संकेतस्थळाकडून आलेला ई-मेल, उतरवून घेतलेली फाइल, किंवा ज्या लघुसंदेशातील दुव्यावर बोट पडले तो संदेश, जर तो अजून पुसला नसेल तर.